निकाल तितके अनुदान : इंग्लंडच्या चर्चशाळांतले 1862 चे प्रकरण

वर्गातले मूल वाचते आहे की पाठ म्हणते आहे, हे ओळखायचा एक साधा उपाय शिक्षकांना ठाऊक असतो. ते पुस्तक मिटायचे आणि दुसरे उघडायचे. मूल अडखळत का होईना पुढे गेले, तर ते वाचते आहे. गप्प झाले, तर आपण इतके दिवस जे ऐकत होतो ते वाचन नव्हते. 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये गरिबांच्या मुलांसाठी चर्चने चालवलेल्या हजारो प्राथमिक शाळांत असे घडले की दुसरे पुस्तक उघडण्याचे कारणच उरले नाही. मुलांना शिकवायला तयार नसलेल्या आळशी शिक्षकांनी ते घडवलेले नाही. प्रत्येक मूल शिकले पाहिजे, या अगदी रास्त आग्रहातून ते घडले. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन या विषयावर बोलताना मला हे प्रकरण पुन्हा पुन्हा आठवते ते याच कारणाने. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

या शाळा कोणत्या, ते आधी सांगायला हवे. 1811 साली अँग्लिकन चर्चच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या, पुढाकाराने 'नॅशनल सोसायटी' स्थापन झाली. गरिबांच्या मुलांना प्रस्थापित चर्चच्या तत्त्वांनुसार शिक्षण द्यायचे, हा तिचा जाहीर हेतू होता. इतर प्रॉटेस्टंट पंथीयांचा आधार असलेली 'ब्रिटिश अँड फॉरिन स्कूल सोसायटी' तिच्या बरोबरीने काम करत होती. नॅशनल सोसायटीने जी शिकवण्याची रीत उचलली, तिचे मूळ आपल्या देशात आहे. अँड्र्यू बेल हे पाद्री 1789 च्या सुमारास मद्रासच्या एग्मोर भागातल्या मुलांच्या अनाथाश्रमाची शाळा पाहत होते. जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. आपण ज्यांना धुळाक्षरे म्हणतो, तीच ही. बेल यांनी ती रीत आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवायला सुरुवात केली, आणि हीच पद्धत 'मद्रास पद्धत' या नावाने इंग्लंडभर गेली.

बायबल, चर्चची प्रश्नोत्तरी, प्रार्थना, वाचन, लेखन, हिशेब आणि मुलींना शिवणकाम, असा या शाळांचा साधारण अभ्यासक्रम होता. बायबल फक्त धर्मशिक्षणाच्या तासाला उघडत नसे. पुष्कळ शाळांत वाचनाचे पुस्तक तेच होते. शाळेची व्यवस्था बहुधा गावच्या पाद्र्याकडे असे, आणि मुले दर आठवड्याला काही पेन्स फी आणत. 1833 साली संसदेने इमारतींसाठी पहिल्यांदा 20,000 पौंड मंजूर केले आणि ते या दोन सोसायट्यांमार्फत वाटले. 1839 पासून सरकारी तपासनीस नेमले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी एक समझोता झाला. अँग्लिकन शाळांचे तपासनीस आर्चबिशपांच्या संमतीनेच नेमायचे, आणि त्यांनी धर्मशिक्षणाचीही पाहणी करायची. तपासनीस शाळेत येई, वर्ग पाही, मुलांशी बोले, शिक्षकाला सल्ला देई. 1846 पासून शिकाऊ शिक्षकांची योजना आली. तेराव्या वर्षी मूल शाळेतच पाच वर्षांच्या उमेदवारीला लागे आणि त्याचा भत्ता सरकार देई. पात्र शिक्षकांच्या पगारातही सरकार भर घालू लागले. हे सगळे उभारण्यात सरकारी शिक्षण समितीचे पहिले सचिव जेम्स के-शटलवर्थ यांचा मोठा वाटा होता.

खर्च वाढत गेला आणि 1861 साली अनुदान 8 लाख 13 हजार पौंडांच्या घरात पोहोचले. इतके पैसे जातात, तर मुले शिकतात का, असा प्रश्न कोणीही विचारला असता. तो विचारायला 1858 साली ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि 1861 साली त्याचा अहवाल आला. शिक्षक वरच्या वर्गातल्या थोड्या हुशार मुलांवर मेहनत घेतात, तपासनीसापुढे तीच मुले चमकतात, आणि तळाच्या वर्गातली मुले साधे वाचन-लेखन नीट न येताच शाळा सोडतात, हा त्यातला सगळ्यात बोचरा भाग होता. हे निरीक्षण मला खोटे वाटत नाही. पहिल्या बाकावरच्या चार मुलांवर सगळ्या वर्गाची अब्रू सांभाळणे आपणही पाहिले आहे. त्यामुळे पुढे जे झाले त्यात रॉबर्ट लो यांना सरसकट खलनायक ठरवणे मला पटत नाही. शिक्षणखात्याची सूत्रे तेव्हा त्यांच्या हाती होती. त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता आणि मागच्या बाकावरच्या मुलाच्या बाजूचा होता.

त्यांनी काढलेले उत्तर मात्र निराळे होते. 1862 च्या फेब्रुवारीत त्यांनी संसदेत सांगितले की ही व्यवस्था स्वस्त नसेल तर परिणामकारक असेल, आणि परिणामकारक नसेल तर स्वस्त असेल. नव्या संहितेला 'रिव्हाइज्ड कोड' म्हणत. आधीच्या मसुद्यात जवळजवळ सगळेच अनुदान परीक्षेवर टांगलेले होते आणि मुलांचे गट वयानुसार पाडायचे होते. पाद्र्यांनी, शिक्षकांनी आणि खुद्द के-शटलवर्थ यांनी कडाडून विरोध केल्यावर ते थोडे सैल झाले. शेवटी ठरले ते असे. सरासरी हजेरीवर दर मुलामागे 4 शिलिंग. सहा वर्षांवरच्या ज्या मुलाच्या वर्षात दोनशेहून जास्त हजेऱ्या भरल्या, त्याच्यामागे आणखी 8 शिलिंग. सकाळची आणि दुपारची हजेरी वेगळी मोजायची. या 8 शिलिंगांसाठी मुलाने तपासनीसापुढे वाचन, लेखन आणि अंकगणित अशी परीक्षा द्यायची, आणि नापास होईल त्या दर विषयामागे 2 शिलिंग 8 पेन्स कापायचे. सहा वर्षांखालच्या मुलांना परीक्षा नव्हती. तपासनीसाचा शेरा बरा असेल तर त्यांच्यामागे 6 शिलिंग 6 पेन्स मिळत.

आकडे मांडून पाहिले की त्यांचे वजन कळते. तेव्हा 12 पेन्सचा एक शिलिंग आणि 20 शिलिंगांचा एक पौंड होई. समजा शाळेची सरासरी हजेरी शंभर आहे आणि त्यातली साठ मुले परीक्षेला पात्र आहेत. हजेरीचे 20 पौंड मिळाले. साठही मुले तिन्ही विषयांत पास झाली तर आणखी 24 पौंड. त्यातली दहा मुले नुसत्या गणितात अडकली की 1 पौंड 6 शिलिंग 8 पेन्स गेले. पूर्वी पगारातली सरकारी भर थेट शिक्षकाच्या हाती येई. आता सगळी रक्कम शाळेच्या व्यवस्थापकांकडे जाऊ लागली, आणि पुष्कळ ठिकाणी शिक्षकाचा पगार त्या वर्षीच्या अनुदानाच्या वाट्यावर ठरू लागला. सात वर्षांचे मूल पाटीवर वजाबाकी चुकले, तर त्या चुकीची किंमत शिक्षकाच्या घरखर्चातून वळती होणार होती.

काय विचारायचे तेही खात्याने नेमून दिले. पहिली ते सहावी असे सहा 'स्टँडर्ड' ठरले. आपल्याकडे इयत्तेला स्टँडर्ड म्हणायची सवय याच घराण्यातली आहे. पहिल्या स्टँडर्डला एकाक्षरी शब्दांची गोष्ट वाचायची, सांगितलेली अक्षरे पाटीवर काढायची, वीसपर्यंतचे आकडे ओळखून लिहायचे, आणि फळ्यावरच्या उदाहरणांवरून दहापर्यंतच्या आकड्यांची तोंडी बेरीज-वजाबाकी करायची. दुसऱ्याला पाढे आले. तिसऱ्याला शाळेच्याच वाचनपुस्तकातला एक लहान परिच्छेद वाचायचा आणि त्यातलेच एक वाक्य सुट्या शब्दांनी सांगितल्यावर लिहायचे. पाचव्याला कवितेच्या काही ओळी. सहाव्याला वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद वाचणे, तसाच दुसरा सावकाश सांगितल्यावर उतरवणे आणि व्यवहारातल्या बिलाचा हिशेब. एकदा एका स्टँडर्डला बसवलेले मूल पुन्हा त्याच किंवा खालच्या स्टँडर्डला बसवता येत नसे. कच्चे राहिले तरी पुढच्या वर्षी वरच्या पायरीवर उभे करायचे.

या यादीत काय नाही ते पाहा. भूगोल, इतिहास, व्याकरण, गाणे, चित्रकला, निसर्गाची ओळख यांतले काहीच नाही. ज्याच्यासाठी या शाळा निघाल्या होत्या ते बायबलही नाही. अँग्लिकन शाळांत धर्मशिक्षणाची पाहणी चालूच होती, पण दर मुलामागे मोजून मिळणारे पैसे तिच्यावर अवलंबून नव्हते. शाळेत कोणी सूचना काढून बायबलचा तास कमी केला नसेल. त्याची गरजही नव्हती. परीक्षेला सहा आठवडे राहिले आहेत, मागच्या रांगेतल्या बारा मुलांचे पाढे कच्चे आहेत, आणि समोर वेळापत्रक आहे. अशा वेळी शिक्षकाचा हात कोणत्या तासाकडे जाईल, हे सांगायला शिक्षणशास्त्र लागत नाही.

वर्गात काय बदलले

याचे साक्षीदार खुद्द तपासनीस होते, आणि त्यांतले सर्वांत मोठे नाव मॅथ्यू आर्नोल्ड यांचे. कवी आणि समीक्षक म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पण 1851 पासून 1886 पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, त्यांची नोकरी प्राथमिक शाळा तपासण्याची होती. त्यांच्याकडे बहुतेक अँग्लिकनेतर प्रॉटेस्टंट शाळा होत्या. संहिता येतानाच, मार्च 1862 मध्ये, त्यांनी तिच्याविरुद्ध लेख लिहिला. ज्या सरकारच्या नोकरीत आपण आहोत त्याच्याच धोरणाविरुद्ध लिहिणे तेव्हाही सोपे नव्हते.

1867 च्या अहवालात त्यांनी जे नोंदवले ते मूल्यमापनाच्या प्रत्येक वर्गात वाचून दाखवावे असे आहे. कल्पक तयारी करून घेतली की वाचन, लेखन, हिशेब यांपैकी काहीही खरोखर येत नसताना मुलांना या तिन्हींच्या परीक्षेत पास करता येते, असे ते सांगतात. दोन वर्षांनी त्यांनी त्याची रीतही सांगितली. वर्षाच्या सुरुवातीला एक पुस्तक निवडायचे. वर्षभर तेच वाचायचे, दुसरे नाही. तपासनीस आला की त्याच पुस्तकातले एक-दोन वाक्य मूल खळखळ वाचते. दुसरे पुस्तक दिले की थांबते. यांत्रिक युक्त्यांच्या या खेळात शेवटी शिक्षकच आपल्याला हरवणार, असेही त्यांनी खात्याला बजावले.

यात शिक्षकाने नियम मोडलेला नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. तिसऱ्या स्टँडर्डचा नियमच 'शाळेत वापरलेल्या पुस्तकातून' असा होता. परीक्षेने जे मागितले ते शिक्षकाने दिले. वाचता येते की नाही हे तपासायचे होते, पण प्रत्यक्षात तपासले जात होते ते वर्षअखेरीच्या एका दिवशी, ओळखीच्या पानावर, दोन मिनिटांत काय म्हणून दाखवता येते ते. या दोन गोष्टी एकच आहेत असे खात्याने धरले होते.

तपासणीच्या भेटीचा पोतही बदलला. पूर्वी तपासनीस शाळेचा सल्लागार होता. आता त्याच्या हातात तक्ता आला. मुलाचे नाव, स्टँडर्ड, आणि पुढे तीन विषयांचे रकाने. दिवसाला इतकी मुले उरकायची असताना कोणत्या मुलाला भागाकार का जमत नाही, हे बसून पाहायला त्याला सवड नव्हती. आर्नोल्ड यांची मुख्य तक्रार हीच होती. ते म्हणत की पूर्वीची भेट शाळेच्या बौद्धिक जीवनाची परीक्षा घेई, ती गेली. आजारी मुलांनाही परीक्षेच्या दिवशी शाळेत आणून बसवल्याच्या हकिकती तपासनिसांच्या आठवणींत येतात. आपल्याकडच्या जुन्या पिढीला 'दिपोटी येणार', म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर येणार, म्हटल्यावर शाळेत पसरणारी धास्ती आठवत असेल. तिची जात हीच.

खर्च कमी करण्याचे उद्दिष्ट मात्र साधले. 1865 पर्यंत अनुदान सुमारे 6 लाख 37 हजार पौंडांवर उतरले. पण ही बचत कुठून आली? शिकाऊ शिक्षकांचा स्वतंत्र भत्ता बंद झाल्यावर शाळांनी ते घेणे कमी केले. आर्नोल्ड यांनी दिलेला हिशेब असा : 1861 साली 36 मुलांमागे एक शिकाऊ शिक्षक होता, 1866 साली 54 मुलांमागे एक. म्हणजे मागच्या बाकावरच्या ज्या मुलासाठी हे सगळे चालले होते, त्याच्याजवळ बसणारा माणूसच कमी झाला.

दुसरी बाजूही मांडायला हवी. हजेरीकडे शाळा लक्ष देऊ लागल्या. तळाची मुले निदान पटावर दिसू लागली, कारण त्यांच्याही नावाचे शिलिंग होते. संहितेने मुख्याध्यापकाला रोजनिशी ठेवणे बंधनकारक केले, आणि आज त्या काळच्या शाळांबद्दल जे काही बारीकसारीक कळते त्यातले बरेचसे या लॉगबुकांमुळे कळते. आपल्या शाळांतल्या शेरेबुकाची ही भावंडेच. 1867 साली भूगोल, इतिहास, व्याकरण यांच्यासाठी जादा अनुदान देऊन अभ्यासक्रम रुंद करायचा प्रयत्न झाला. पण औषध तेच राहिले. विषय हवा असेल तर त्यालाही परीक्षा लावायची आणि पैसे जोडायचे. मग भूगोल म्हणजे भूशिरांची आणि नद्यांची यादी व्हायला वेळ लागला नाही.

बायबलच्या तासाचे काय झाले

या प्रकरणात मी सर्वांत जास्त रेंगाळतो ते इथे. 1870 साली फॉर्स्टर यांचा प्राथमिक शिक्षण कायदा आला. जिथे शाळा पुरेशा नव्हत्या तिथे लोकनियुक्त स्कूल बोर्डांच्या शाळा निघाल्या. चर्चशाळांचे अनुदान चालू राहिले, पण अटींवर. धर्मशिक्षण सत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी द्यायचे, म्हणजे ज्या पालकाला नको असेल त्याला मूल बाजूला काढता येईल. आणि सरकारी तपासनीसाने धर्मविषयक ज्ञान तपासायचे नाही. सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी ही अट न्याय्य होती, आणि मी तिच्या बाजूचा आहे. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमातही हाच विचार दिसतो. अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचे तर पालकाची संमती लागते.

तेव्हा चर्चपुढे एक दुर्मीळ संधी होती. आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या विषयाला आता तक्ता नाही, रकाना नाही, शिलिंग नाही. हा तास पुन्हा गोष्टीचा, गाण्याचा, प्रश्न विचारण्याचा करता आला असता. झाले उलटे. विषय उपेक्षित राहील या भीतीने बिशपांच्या प्रांतांनी स्वतःचे धर्मशिक्षण-तपासनीस नेमले. तेही वर्षातून एक दिवस येऊन परीक्षा घेऊ लागले, शाळांना शेरे आणि मुलांना प्रशस्तिपत्रे देऊ लागले. प्रश्नोत्तरी हा तर पाठांतराला सगळ्यात सोयीचा प्रकार, कारण प्रश्न ठरलेला आणि उत्तरही ठरलेले. ज्या पद्धतीने वाचन पोकळ झाले होते, तीच पद्धत श्रद्धेच्या शिक्षणाला आपण होऊन लावली गेली. शेजाऱ्यावर प्रेम करावे ही आज्ञा मुलाला न चुकता म्हणता आली, की ती त्याला कळली असे धरायचे. कुठल्याही धर्माच्या शाळेत, किंवा आपल्या मूल्यशिक्षणाच्या तासातही, हा धोका तितकाच जवळ आहे.

आर्नोल्ड यांनी याच काळात वेगळी वाट दाखवून पाहिली. गरिबांच्या मुलांच्या हाती उत्तम साहित्य म्हणून पडणारी गोष्ट जवळजवळ एकच आहे, ती म्हणजे बायबल, असे ते म्हणत. म्हणून 1872 साली त्यांनी बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातले शेवटचे 27 अध्याय टिपांसह शाळेतल्या मुलांसाठी वेगळे छापले, एक अखंड थोर काव्य म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्यासाठी. त्यांना मुलांनी काही भव्य, सलग असे वाचायला हवे होते. परीक्षेच्या चौकटीत बसवायला हे सोयीचे नव्हते, आणि शाळांत ते फारसे रुजलेही नाही.

मुंबई इलाखा, 1882

हीच कल्पना आपल्याकडेही आली. 1854 च्या वूडच्या खलित्याने, म्हणजे भारतातल्या शिक्षणाविषयी लंडनहून आलेल्या धोरणपत्राने, खासगी आणि मिशनरी शाळांना अनुदानाची दारे उघडली. धर्मशिक्षणात सरकार डोकावणार नाही, फक्त लौकिक विषय पाहील, अशी त्यातली तडजोड होती. 1860 च्या दशकात मुंबई इलाख्याने अनुदान परीक्षेच्या निकालावर द्यायला सुरुवात केली. 1882 साली भारतातल्या शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग माहिती गोळा करत होता, तेव्हा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे निवेदन ठेवले. जोतीराव स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, आणि पुढे त्यांनी मुलींसाठी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा चालवल्या होत्या. निकालावर पैसे देण्याबद्दल त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : ज्या गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, तिथे ही पद्धत उपयोगी पडणार नाही. अशा वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढायला कोणी शिक्षक पुढे येणार नाही, कारण तिच्यावर त्याचे पोट भरणार नाही.

आर्नोल्ड यांनी वर्गात उभे राहून पाहिले की ही पद्धत वाचनाला काय करते. जोतीरावांनी वस्तीतून पाहिले की ती शाळेला काय करते. निकालावर पैसे दिले की पैसा आपोआप तिकडे वाहतो जिथे मुले आधीच तयार आहेत, ज्यांच्या घरी दिवा आहे, पाटी आहे, दोन वेळचे जेवण आहे. ज्या मुलाला घरचे शेळ्यांमागे पाठवतात, त्याच्या दोनशे हजेऱ्या भरायच्याच नाहीत. त्याला पटावर घेणे हा शिक्षकाला तोट्याचा व्यवहार ठरतो. इंग्लंडमधल्या वादात हा मुद्दा इतक्या नेमकेपणाने मांडलेला माझ्या वाचनात आलेला नाही.

सुटका

इंग्लंडमध्ये 1886 ते 1888 या काळात क्रॉस आयोगाने पुन्हा सगळे तपासले. 1890 च्या संहितेने वाचन-लेखन-अंकगणिताच्या वैयक्तिक परीक्षेवरचे अनुदान काढून टाकले. 1895 पासून चांगल्या शाळांत ठरलेल्या वार्षिक परीक्षेऐवजी पूर्वसूचना न देता भेटी सुरू झाल्या, आणि 1897 पर्यंत या पद्धतीचे उरलेसुरले अवशेषही गेले. दिवस ठरलेला नाही, पान ठरलेले नाही, मुलाच्या नावापुढे शिलिंग नाही. शिक्षकांनी तीस वर्षे जे मागितले होते ते मिळाले.

पुढच्या काही वर्षांत वर्गांत काय दिसले, ते एडमंड होम्स यांनी लिहून ठेवले आहे. 1875 पासून ते शाळा तपासत होते आणि नंतर प्राथमिक शाळांचे मुख्य तपासनीस झाले. या यंत्रणेचा एक भाग आपणही होतो, हे त्यांनी निवृत्तीनंतर उघडपणे कबूल केले. खात्याने शिक्षकाला जे केले तेच मुलाला करायला त्याला भाग पाडले, असे ते म्हणतात. तेहतीस वर्षे ज्यांना यंत्रासारखे वागवले त्यांना एका दिवसात स्वतःच्या बुद्धीने चाला म्हणून सांगितले, आणि त्यांना चालता येईना. नियम गेला होता, तक्ता गेला होता. शिक्षक मात्र वर्गात जुन्याच सवयीने तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून घेत होते, कारण ते स्वतः मुले होती तेव्हा त्यांनाही तसेच शिकवले गेले होते.